वाचकांचे प्रश्न : गावातला जुना हमरस्ता नव्याने आखताना

गेल्या अंकात आम्ही शहरांतल्या दुर्लक्षित रस्त्यांविषयी प्रश्न मागवले होते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच समजूत दिसते, की रस्ता सुधारायचा म्हणजे रुंद करायचा. गोव्यातल्या जुन्या गावठाणांत आणि बाजारपेठांत रुंदीकरणाला जागाच नाही, आणि जिथे झाले तिथे वाढलेली जागा महिन्याभरात उभ्या गाड्यांनी भरली. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत आम्ही एकच क्रम धरला आहे. रस्ता कडेपासून आत आखायचा. आधी पाण्याची वाट, मग चालणाऱ्याची, मग बसची, आणि उरेल तो पट्टा बाकीच्या गाड्यांना.

प्रश्न : आमच्या गावाबाहेरून बायपास झाला. आतला जुना हमरस्ता तसाच पडून आहे. दोन्हीकडच्या भिंतींमध्ये साधारण 15 मीटर जागा आहे. मधोमध 9 मीटर डांबर, कडेला माती, उघडी गटारे आणि वाटेल तशा लावलेल्या गाड्या. एवढ्यात फुटपाथ, बस, सायकल आणि पार्किंग हे सगळे बसेल का?
— एक वाचक, दक्षिण गोवा

बसेल, फक्त सायकलसाठी वेगळा मार्ग निघणार नाही. तो का नको, ते पुढे एका उत्तरात येईलच.

बायपास झाला की आतल्या रस्त्याचे काम बदलते. काणकोणला 2019 मध्ये मनोहर पर्रीकर बायपास खुला झाल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या चावडीची बाजारपेठ टाळून जाऊ लागल्या. अशा रस्त्यावर उरतात त्या गावातल्याच फेऱ्या: बाजार, शाळा, बँक, बस थांबा. तरीही डांबर महामार्गाच्या मापाचेच राहते, आणि मोकळे रुंद डांबर दिसले की चालक वेग वाढवतो. पन्नासच्या वेगाने येणाऱ्या गाडीला चालकाने पाहिल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण 28 मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हेच अंतर 38 मीटरच्या घरात जाते. तीसच्या वेगाला ही अंतरे 13 आणि 17 मीटर आहेत. शाळेच्या फाटकासमोर हा फरक जीव वाचवतो. म्हणून असा रस्ता तीसच्या वेगासाठीच आखावा.

पहिले काम कागदावरचे. रस्ता अजून राष्ट्रीय महामार्ग म्हणून अधिसूचित आहे, की राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आला आहे, की पालिकेकडे, हे लेखी विचारून घ्या. मालकी ठरल्याशिवाय केलेला आराखडा टेबलांवरून टेबलांवर फिरत राहतो. त्यानंतर दर 20 मीटरवर भिंत ते भिंत मोजणी करा. सरासरी 15 मीटर म्हणता तेव्हा कुठे तरी 12.5 असणार, आणि आराखडा अडतो तो तिथेच. वीज खांब, ट्रान्सफॉर्मर, झाडे, विहिरी, क्रूस, घुमट्या आणि प्रत्येक घराचे फाटक नकाशावर आले पाहिजे. सर्व्हे प्लॅनवरची हद्द आणि जागेवरची भिंत बहुधा जुळत नाहीत. तो वाद काम सुरू होण्याआधी मिटवावा.

आता 15 मीटरची वाटणी. मध्ये 6.5 मीटरचा डांबरी पट्टा, म्हणजे 3.25 मीटरच्या दोन मार्गिका. बस सुमारे 2.6 मीटर रुंद असते, आरसे धरून त्याहून जास्त, त्यामुळे समोरासमोर आलेल्या दोन बसेस इथे सावकाश पण सुखाने एकमेकींना ओलांडतात. दोन्ही कडांना 3.2 मीटर. त्यातले भिंतीकडचे 2.4 मीटर निव्वळ चालण्यासाठी, आणि डांबराकडचे 0.8 मीटर खांब, फलक, चेंबर, कचराकुंड्या यांसाठी. उरलेला 2.1 मीटरचा पट्टा एका बाजूला. त्यात पार्किंग, झाडे, बस थांबा, मालाच्या गाड्या, पायलटांच्या (मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांच्या) मोटारसायकली, गाडे, जे जिथे लागेल ते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत (आयआरसी 103) चालण्याची निव्वळ रुंदी किमान 1.8 मीटर आणि डोक्यावर 2.2 मीटर मोकळी जागा सांगितली आहे. बाजारपेठेत 2.5 किंवा जास्त. निव्वळ रुंदी म्हणजे खांब वगळून. कंत्राटदार भिंतीपासून कर्बपर्यंत, म्हणजे फुटपाथाच्या रस्त्याकडच्या दगडी कडेपर्यंत, टेप लावून 2 मीटर दाखवतो, आणि मध्ये दर 25 मीटरवर विजेचा खांब उभा असतो.

हा 2.1 मीटरचा पट्टा सगळीकडे एकाच बाजूला ठेवू नका. साठ-सत्तर मीटरवर तो दुसऱ्या बाजूला न्या, बदल 15 ते 20 मीटर लांबीत हळूहळू करा. दोन्हीकडच्या दुकानांना वाटा मिळतो, आणि डांबराला हलकी वळणे आल्याने सरळ रेषेतली सुसाट धाव मोडते. गतिरोधक त्यामुळे कमी लागतात.

जिथे जागा 12.5 मीटरपर्यंत आवळते तिथे आधी हा पट्टा सोडा, मग डांबर 6 मीटरवर आणा. चालण्याच्या रुंदीला शेवटपर्यंत हात लावू नका. प्रत्यक्षात नेमके याच्या उलट होते. फुटपाथ 60 सेंटिमीटरची पट्टी होऊन बसतो, आणि लोक मुकाट्याने डांबरावरून चालू लागतात.

प्रश्न : आमच्या रस्त्याला नवा उंच फुटपाथ केला. पहिल्याच पावसात पाणी फुटपाथाला अडून दुकानांत शिरले. फुटपाथच नको, असे आता सगळे म्हणतात. चूक कुठे झाली?
— एक दुकानदार, म्हापसा

फुटपाथ उंच झाला म्हणून पाणी तुंबले नाही. त्याला गटारात उतरायला तोंडच ठेवले नाही म्हणून तुंबले. पूर्वी कडेच्या मातीतून पाणी सरळ उघड्या गटारात जात होते. कर्ब बसवल्यावर ती वाट बंद झाली, आणि बदल्यात शंभर मीटरवर एखादी जाळी दिली गेली.

हिशेब सोपा आहे. रस्त्याची अर्धी रुंदी, फुटपाथ धरून, 9 मीटर समजा. दर 20 मीटरवर एक तोंड ठेवले, तर एका तोंडाच्या वाट्याला 180 चौरस मीटर येतात. ताशी 100 मिलिमीटरची सर धरली, आणि जूनमध्ये आपल्याकडे तशा सरी येतात, तर डांबर-काँक्रिटवरून त्या तोंडाशी सेकंदाला साडेचार लिटर पाणी पोचते. नीट बांधलेले तोंड एवढे पाणी घेते. शंभर मीटरवर तोंड ठेवले की तिथे सेकंदाला बावीस लिटरच्या वर येतात, आणि जाळीवर वडाची चार पाने आणि एक प्लास्टिकची पिशवी बसली की सगळे पाणी रस्त्यावर.

तोंड कसे असावे? नुसती आडवी जाळी लवकर बुजते. कर्बमध्येच 100 ते 150 मिलिमीटर उंचीचे उभे तोंड ठेवावे आणि सोबत जाळी द्यावी. पाने जाळीवर साचली तरी पाणी बाजूने आत जाते. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या हव्यात, उभ्या बसवल्या की सायकलचे चाक त्यांत अडकते. तोंडाखाली खड्डा घ्यावा, आणि गटाराकडे जाणारा पाईप तळापासून 30 सेंटिमीटर वर ठेवावा, म्हणजे लाल माती खड्ड्यात बसते आणि पाईप मोकळा राहतो. डोंगरउतारावरच्या वस्त्यांत हा मातीचा खड्डा विसरलात तर दोन पावसांत अख्खे गटार गाळाने भरते. सखल बिंदूला एक तोंड पुरत नाही, दोन ठेवा. झाकणे माणसाला उचलता येतील अशी हवीत. सिमेंटने लिंपून टाकलेले झाकण एप्रिलच्या सफाईत कोणी उघडत नाही.

दुसरी चूक उंचीची. दुकानांच्या उंबरठ्यांची पातळी आधी मोजायला हवी होती, कारण सगळी उंची तिथून खाली उतरत येते. तीन मीटरच्या फुटपाथाला रस्त्याच्या दिशेने 50 ला 1 उतार दिला की 6 सेंटिमीटर खाली. कर्बचे 15 सेंटिमीटर आणखी खाली. म्हणजे डांबराची कड सर्वांत खालच्या उंबरठ्यापेक्षा किमान 21 सेंटिमीटर खाली हवी. ती तशी नसेल तर आहे ते डांबर खरवडून खाली न्यावे लागते. दर निवडणुकीआधी जुन्यावर 4 सेंटिमीटरचा नवा थर चढवत गेले की चार थरांत कर्ब नाहीसा होतो आणि पुढच्या थरांत रस्ता दुकानांपेक्षा वर येतो. नवा थर घालण्याआधी जुना खरवडणे हे निविदेत लिहूनच घ्या.

म्हापशात तिसरी गोष्ट पाहावी लागते. बाजारातले पाणी शेवटी तार नदीकडे जाते. मडगावात साळ, पणजीत सांतिनेजची आणि ओरेंची खाडी. या सगळ्यांना भरती-ओहोटी आहे. मोठी सर आणि भरती एकाच वेळी आली की गटाराचे शेवटचे तोंड पाण्याखाली जाते, आणि वरचे पाणी जागच्या जागी थांबते. अशा ठिकाणी टोकाला एकतर्फी झडप बसवतात. आपल्या खाजनांतल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतल्या, मानशीची दारे ज्या तत्त्वावर चालतात तेच इथे: आतले पाणी बाहेर जाते, भरतीचे आत येत नाही. पण भरती ओसरेपर्यंत आतले पाणी कुठे तरी मावायला हवे, म्हणून गटाराचा आकार नुसत्या वाहण्याचा हिशेब करून ठरवता येत नाही. रस्त्याचा आराखडा मागताना गटाराच्या तळाची पातळी थेट नदीपर्यंत मोजलेली आहे का, हा एक प्रश्न जरूर विचारा.

पाणी जमिनीत मुरवण्याचे खड्डे सध्या सगळीकडे सुचवले जातात. पर्वरीसारख्या जांभ्याच्या पठारावर ते उपयोगी आहेत. सखल भागात पावसाळ्यात भूजलच हातभर खाली असते. तिथे ते फक्त डासांच्या कामाचे.

प्रश्न : आमच्याकडे बस थांब्यासाठी रस्त्याच्या कडेला खोबण केली आहे. तिथे टॅक्सी उभ्या असतात, बस रस्त्यातच थांबते, आणि माणसे खोबण ओलांडून धावत जातात. याला उपाय काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, फोंडा

खोबण बुजवा. महामार्गावर, जिथे मागून ऐंशीच्या वेगाने गाड्या येतात, तिथे बसला बाजूला घेणे योग्य. गावातल्या रस्त्यावर खोबणीमुळे तीन तोटे होतात. फुटपाथ नेमका तिथे आक्रसतो जिथे सर्वांत जास्त माणसे उभी असतात. आत गेलेल्या बसला बाहेर पडताना कोणी वाट देत नाही, त्यामुळे चालक आत जायचेच टाळतो. आणि रिकामी जागा दिसली की तिथे गाडी लागते.

उलट करा. थांब्यापाशी फुटपाथ पार्किंगच्या पट्ट्यात पुढे आणा, डांबराच्या कडेपर्यंत. बस मार्गिकेतच थांबते, वळावे लागत नाही, चाक कर्बला समांतर लागते. 12 मीटरच्या एका बसला 15 मीटर लांबी द्या. दोन बसेस एकाच वेळी येत असतील तर 28 ते 30. मागच्या गाड्या पंधरा-वीस सेकंद थांबतील. थांबू देत. बसमध्ये चाळीस माणसे असतात.

थांबा चौकाच्या अलीकडे ठेवू नये, चौक ओलांडल्यावर ठेवावा. अलीकडे असला की थांबलेल्या बसच्या आडून डावीकडे वळणारी स्कूटर आणि रस्ता ओलांडणारा माणूस एकमेकांना दिसत नाहीत. रस्ता ओलांडायचे पट्टे नेहमी बसच्या मागे. दोन थांब्यांतले अंतर बाजारपेठेत 300 ते 400 मीटर ठीक. याहून लांब ठेवलेत तर लोक मध्येच हात करणार, आणि खाजगी बसवाला थांबणारच, कारण त्याचे उत्पन्न तिकिटांवर आहे. वेळापत्रक आणि मोबदल्याची पद्धत बदलल्याशिवाय ही ओढाताण पूर्ण थांबणार नाही, रस्त्याच्या रचनेने ती फक्त कमी होते.

छपराविषयी थोडे. गोव्यात मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो. मागे काच आणि वर हातभर पत्रा असे छप्पर जाहिरातीला बरे, माणसांना नाही. छपराची खोली किमान 1.8 मीटर आणि पावसाची बाजू बंद हवी. पुढची कड कर्बपासून 50 सेंटिमीटर आत घ्या, नाही तर बसचा आरसा तिला लागतो. छपरामागून किंवा पुढून 1.8 मीटरची चालण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. बाकाची उंची 45 सेंटिमीटर, आणि बाकाशेजारी मासळीच्या दोन टोपल्या टेकवता येतील एवढी सपाट जागा. आपल्या बसमधून बाजार प्रवास करतो. हे आराखड्यात कधीच दिसत नाही. पायलटांना थांब्यापासून वीस पावलांवर, पण थांब्याच्या लांबीबाहेर, आखलेली जागा द्या. त्यांना जागा नाकारली तर ते बसच्या जागेवर उभे राहतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

प्रश्न : बससाठी वेगळी मार्गिका गोव्यात शक्य आहे का?
— एक वाचक, वास्को

15 मीटरच्या रस्त्यावर नाही. जिथे मिनिटाला एक बस जाते आणि एका दिशेला किमान तीन मार्गिका काढता येतात, तिथे विचार करावा. अशी मार्गिका 3.5 मीटर हवी. मिनिटाला चाळीस प्रवाशांची एक बस म्हणजे तासाला 2400 माणसे, सिग्नल असलेल्या रस्त्यावर मोटारींची एक मार्गिका याच्या निम्मीही माणसे नेत नाही. पण दिल्लीत 2008 मध्ये सुरू झालेला बसमार्ग 2016 मध्ये उखडला गेला, आणि अहमदाबादचा 2009 पासून चालू आहे. नुसती मार्गिका आखून भागत नाही, त्यावरची बससेवा, थांबे आणि अंमलबजावणी एका हातात लागते. पणजी–म्हापसा, पणजी–मडगाव या मार्गांवर आधी चौकांपाशी शेवटचे 50-60 मीटर बससाठी राखून पाहावे. बसचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो.

प्रश्न : सायकलचा मार्ग रंगवला की त्यावर गाड्या उभ्या राहतात. मग तो करायचाच कशाला?
— एक सायकलस्वार, ताळगाव

रंगाला गाडी अडत नाही. म्हणून दोनच प्रकार करावेत, आणि अधलेमधले टाळावेत.

वेग तीसच्या आत असेल तर वेगळा मार्ग नकोच. डांबर अरुंद ठेवा, वेग आटोक्यात ठेवा, सायकल गाड्यांबरोबर चालू द्या. गावातल्या बहुतेक रस्त्यांना हे लागू पडते. पहाटे आणि दुपारी पाव घेऊन फिरणारा पोदेर दर चार घरांवर थांबतो, त्याला वेगळ्या मार्गाचा उपयोग नाही, सावकाश रस्त्याचा आहे.

वेग पन्नास किंवा जास्त असेल, मिरामार ते दोना पावलासारखा लांब पट्टा असेल, तर भौतिक अडथळ्याने वेगळा केलेलाच मार्ग हवा. एकेरीसाठी 2 मीटर, दुहेरीसाठी 3 मीटर. धावत्या गाड्यांपासून अर्धा मीटर अंतर, आणि शेजारी गाड्या उभ्या राहत असतील तर पाऊण मीटर, कारण दार अचानक उघडते. उंची डांबर आणि फुटपाथ यांच्या मध्ये ठेवावी, सुमारे 7-8 सेंटिमीटर वर. फुटपाथाच्या पातळीवर आणला की लोक त्यावर चालू लागतात, आणि त्यांना रागावण्यात अर्थ नसतो. बस थांब्यापाशी मार्ग छपराच्या मागून न्यावा.

मार्ग खरा मोडतो तो चौकात. दोनशे मीटर सुरेख लाल पट्टा आणि चौक आला की नाहीसा. चौकाच्या कोपऱ्याची वळणत्रिज्या 12 मीटर असली तर गाडी वेग कमी न करता डावीकडे वळते. ती 5-6 मीटरवर आणली की चालकाला ब्रेक दाबावाच लागतो. बसचा मार्ग त्या कोपऱ्यावरून वळत असेल तर मात्र बस प्रत्यक्ष वळवून पाहून मग कर्ब बसवा.

प्रश्न : नव्या फुटपाथावर प्रत्येक फाटकापाशी उतार आणि पुन्हा चढ. गुडघे दुखतात म्हणून मी रस्त्यावरूनच चालते. सगळ्यांना चालता येईल असा फुटपाथ कसा असतो?
— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली

तुमच्यासारख्या वाचकांसाठी तरी हे सर्वांत आधी दुरुस्त व्हावे असे आम्हाला मनापासून वाटते. फाटकापाशी उतरायचे गाडीने, माणसाने नाही. फुटपाथ फाटकासमोरून त्याच पातळीत पुढे जायला हवा. गाडीचा उतार कर्बकडच्या 0.8 मीटरच्या पट्ट्यात बसवता येतो: 15 सेंटिमीटर चढायला 80 सेंटिमीटर लांबी. मोटारीला हा उतार चालतो, आणि तो थोडा उभा असल्यामुळे गाडी सावकाशच चढते. फाटकासमोर पेव्हर (फुटपाथाचे काँक्रिटचे ठोकळे) 80 मिलिमीटर जाडीचे, बाकी ठिकाणी 60 पुरतात. सगळीकडे 60 चे घातले की नेमके फाटकासमोरचे पहिल्या वर्षी खचतात.

पेव्हर डगमगतात याचे कारणही सांगतो, कारण पायाखाली हलणाऱ्या एका ठोकळ्याने माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. पेव्हरखाली 3 सेंटिमीटर वाळूचा थर असतो. कडेला घट्ट काँक्रिटचा आधार नसेल, किंवा खालच्या गटाराच्या लाद्यांत फटी असतील, तर पावसाचे पाणी ती वाळू हळूहळू घेऊन जाते. वरून सगळे ठीक दिसते, खाली पोकळी असते. पाय टेकला की फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी उडते, ती याची खूण. लाद्यांवर पाणी सोडणारे पण वाळू अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरून मग वाळू घालावी, आणि वाळूच्या जागी क्रशरची भुकटी वापरू देऊ नये. ती पाणी धरून ठेवते. गुळगुळीत ग्रॅनाइट तर पावसाळी गावात लावूच नये.

रस्ता ओलांडायला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे उंचावलेले पट्टे. डांबर 10 सेंटिमीटर वर उचलायचे, वरचा सपाट भाग किमान 4 मीटर, बसमार्गावर 6. चढ-उतार 20 ला 1, म्हणजे दोन-दोन मीटर लांब, बसमधल्या प्रवाशाला हिसका बसत नाही. फुटपाथ 15 सेंटिमीटरवर असेल तर उरलेले 5 सेंटिमीटर 12 ला 1 उताराने उतरवा, चाकाची खुर्ची सहज जाते. गोव्यात एक काळजी: उचललेले डांबर कर्बपाशी बंधाऱ्यासारखे पाणी अडवते. वरच्या अंगाला पाण्याचे तोंड ठेवल्याशिवाय उंच पट्टे बांधू नयेत. दृष्टिहीनांसाठी लावलेल्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशा खांबाला किंवा झाडाला जाऊन भिडत असतील तर त्या नसलेल्या बऱ्या. त्यांची रेघ अडथळ्यापासून किमान 60 सेंटिमीटर दूर आखावी.

प्रश्न : फुटपाथावर स्कूटर चढू नयेत म्हणून खांब लावले, तरी चढतात.
— पालिकेचे एक नगरसेवक, सासष्टी

खांबांनी मोटार अडते, स्कूटर नाही. चाकाच्या खुर्चीला 90 सेंटिमीटर मोकळी जागा द्यावीच लागते, आणि स्कूटर 70-75 सेंटिमीटरमधून जाते. खांब जवळजवळ लावलेत तर पहिली अडेल ती खुर्ची. स्कूटर चढते कारण खालचा रस्ता तुंबलेला असतो आणि कर्बचा उतार सोपा असतो. कर्बची कड उभी ठेवा, उतार फक्त ओलांडण्याच्या जागी ठेवा, आणि स्कूटरना जवळच आखीव जागा द्या.

प्रश्न : पार्किंग गेले की गिऱ्हाईक गेले, अशी बाजारात भीती आहे. दुकानदारांना काय सांगावे?
— एक व्यापारी, कुडचडे

भीती खरी आहे, तिला मोजणीने उत्तर द्या. एका शाळेच्या दिवशी आणि एका बाजाराच्या दिवशी, सकाळी आठ ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे टिपा. दिवसभर तोच नंबर त्याच जागी दिसला तर ती गाडी गिऱ्हाइकाची नाही. पुष्कळ बाजारांत त्यातल्या बऱ्याच गाड्या दुकानदारांच्या आणि कामगारांच्याच निघतात. त्यांना दोनशे-तीनशे मीटरवर जागा शोधून द्या, म्हणजे दारातल्या जागा फिरत्या राहतील.

20 मीटर लांबीच्या पट्ट्यात मोटारी तीन-चार लागतात, स्कूटर वीस. गोव्यात गिऱ्हाईक बहुतांशी दुचाकीवर येते, तेव्हा दारातली जागा आधी दुचाकींना. मालाच्या टेम्पोला सकाळी दहाच्या आत ठरलेली जागा हवीच, ती दिली नाही तर तो रस्त्याच्या मध्ये उभा राहील. दर 20 मीटरवर पट्टा तोडून एक झाड लावा: ओवळ, उंडी, ताम्हण. आळे 1.2 मीटर चौरस, खोडापर्यंत काँक्रिट नको. आहेत ती झाडे तोडायची तर 1984 च्या वृक्ष संवर्धन कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आम्ही तर आराखडाच झाडाभोवती वळवण्याच्या मताचे आहोत. गाड्यांवर विकणाऱ्यांचा हक्क 2014 च्या पथविक्रेता कायद्याने मानला आहे, त्यांची जागाही याच पट्ट्यात आखा.

प्रश्न : आम्ही दहा-बारा नागरिक आहोत. सुरुवात कुठून करावी, आणि काम सुरू झाल्यावर कशावर लक्ष ठेवावे?
— एक गट, पेडणे

तात्पुरत्या चाचणीपासून सुरुवात करा. पालिका किंवा पंचायत, वाहतूक पोलीस आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांची लेखी संमती घेऊन 100-150 मीटरचा तुकडा निवडा. पाणी भरायचे प्लास्टिकचे अडथळे, काँक्रिट भरलेली पिंपे आणि पांढरा रंग यांनी नवा आकार जमिनीवर उतरवा. तीन-चार आठवडे ठेवा. आधी आणि नंतर तेच मोजा: रस्ता ओलांडायला लागणारा वेळ, गाड्यांचा वेग, फुटपाथावरची माणसे, बसला लागलेली मिनिटे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे फुटपाथ हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. निवेदनात त्याचा उल्लेख करा, पण आकडे जोडल्याशिवाय निवेदन देऊ नका.

कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही डिसेंबरची गर्दी, कार्निव्हल, शिगमो. एकदम दोन किलोमीटर खोदू देऊ नये. 150-200 मीटरचा तुकडा पूर्ण, मग पुढचा. पणजीत एकाच वेळी अनेक रस्ते खणले गेले तेव्हा धुळीचा प्रश्न 2024 मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. खोदण्याआधी दर 50 मीटरवर आडवा चाचणीचर घ्यायला लावा, कारण जुन्या पाईपांचे नकाशे आणि जमिनीखालची स्थिती सहसा जुळत नाही. क्रम खालून वर: मलनिस्सारण, पावसाचे पाणी, पिण्याचे पाणी, वीज, दूरसंचार. दर 50 मीटरवर रस्त्याखालून दोन-तीन रिकामे पाईप आडवे टाकून ठेवा. पुढच्या वर्षी नवी केबल आली तर डांबर फोडावे लागणार नाही.

चर बुजवताना एखाद्याने तिथे उभेच राहावे. माती 20 सेंटिमीटरच्या थरांत, ओलसर करून, यंत्राने दाबत भरली पाहिजे. मीटरभर माती एकदम लोटून वरून रोलर फिरवला तर दबतो फक्त वरचा थर. जूनमध्ये पाणी आत शिरले की तो चर खचतो आणि त्यात ट्रकचे चाक रुतते. प्रत्येक थराचा टेप लावलेला, तारीख दिसणारा फोटो ठेवा. निविदेत दोषदुरुस्तीची मुदत दोन पूर्ण पावसाळे पार करणारी असावी, आणि अनामतीचा शेवटचा हिस्सा दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या संयुक्त पाहणीनंतर सुटावा. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या 198अ कलमाखाली, सुरक्षेची ठरलेली मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर रस्त्याची जबाबदारी असलेले प्राधिकरण, सल्लागार आणि कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आराखड्यावर कोणत्या सल्लागाराची सही आहे, ते आजच माहिती अधिकारात विचारून ठेवा.